वॉरंटी संपायच्या आत

बुधवार, ४ मार्च

ताई,

'प्रिय' लिहायचं विसरले नाही. लिहिलं नाही.

फोनवर माझा आवाज आला की तू ठेवून देतेस. कागद ठेवून दिलास तरी तो तिथेच पडून राहतो, कधीतरी वाचावाच लागतो. म्हणून पत्र. आणि माझ्यासाठी लिहीत नाहीये, गैरसमज नको. तू आईला पाठवलेल्या लॅपटॉपची वॉरंटी या महिन्याच्या तीस तारखेला संपते. ती पुढे दोन वर्षं वाढवून घ्यायची की नाही, हे ठरवायचंय. वस्तू तू घेतलीस, बिल तुझ्या नावावर, तेव्हा काय ते तूच सांग. संपलं.

संपलं म्हटलं, पण संपत नाही. या वॉरंटीने घरात उच्छाद मांडलाय.

कंपनीचा एक माणूस फोन करतो. चारच्या सुमारास, रविवार सोडला तर जवळजवळ रोज. मी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलंय. गेल्या आठवड्यात माझी सकाळची पाळी होती, दुपारी घरी होते, तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या कानांनी ऐकलं. आई फोन स्पीकरवर टाकून खुर्चीत बसली होती. पलीकडून आवाज आला, साखरेत घोळवून काढलेला: "नमस्कार आई, जेवलात का?"

आई! अंगावर पाल पडावी तसं झालं मला.

आणि आपली आई! सिस्टर असताना जिच्यासमोर वॉर्डातले मोठे डॉक्टर घसा खाकरून बोलायचे, जी आपल्याला 'हो', 'नाही' आणि 'दार लाव' यापलीकडे काही बोलत नाही, ती त्याला सांगत होती, "जेवले रे. पण जिना उतरताना उजवा गुडघा धरतो." तो म्हणाला, "अरेरे, शेकून बघा हं आई." ती म्हणाली, "शेकते." मग तो म्हणाला, "आणि तेवढं आपलं वॉरंटीचं बघा." म्हणजे आधी गुडघ्याला मलम, मग खिशाला हात. आईने सांगितलं, "विचार करून कळवते." तो म्हणाला, "सावकाश करा, आई. मी उद्या करतो फोन."

माझ्यापाशी तिने त्या गुडघ्याबद्दल आजवर अवाक्षर काढलेलं नाही. असो.

मी त्या वॉरंटीची नियमावली वाचली. मुंग्या मेल्यासारखी अक्षरं, आईचं भिंग घेऊन बसले. पडला तर भरपाई नाही. पाणी सांडलं तर नाही. पडदा फुटला तर नाही. बॅटरीला नाही, चार्जरला नाही, कळा झिजल्या तर नाही, आणि वर 'वापरामुळे आलेल्या बिघाडाला' नाही. मग उरलं काय? कपाटात ठेवलेला लॅपटॉप कुणाचा हात न लागता, आपल्या मनाने, झोपेत गेला, तरच हे लोक धावून येणार. आणि त्यासाठी मागतात किती, तर लॅपटॉपच्या किमतीची चौथाई.

शिवाय आपला वापर तो काय? आठवड्यातून एकदा, तुझ्याशी बोलायला. तेही हल्ली... जाऊ दे. तुझं तू बघ. आई मात्र रविवारी सकाळी केस विंचरून, झाकण उघडून समोर बसते. जेवायच्या वेळेला झाकण लावते आणि धूळ बसू नये म्हणून वर उशीचा अभ्रा चढवते. मी काही बोलत नाही. मला काय करायचंय?

तुला माहीत आहे, मी अजून त्याच हॉटेलच्या तळघरात लॉन्ड्रीत आहे. सकाळी गाड्या भरून चादरी उतरतात आणि आम्ही हातमोजे चढवून डाग निवडतो. रक्ताचे वेगळे, दारूचे वेगळे, आणि जे कशाचे आहेत ते विचारू नये असे वेगळे. लोक स्वतःच्या घरी करणार नाहीत ते दुसऱ्याच्या चादरीत करतात. इतकी वर्षं हे बघून मला किळस अशी येत नाही. पण त्या माणसाच्या 'जेवलात का'ची येते. तो डाग कुठल्या ढिगात टाकावा, कळत नाही.

माझं मत: घेऊ नये. तुझं कळव.

धाकटी


शुक्रवार, १३ मार्च

ताई,

तुझा मेसेज मिळाला. 'घेऊन टाक. पैसे पाठवते.'

माझ्या दोन पानांना चार शब्द. बाबांच्या शेवटच्या दुखण्यातही तुझं हेच होतं. 'माणूस ठेवून टाक. पैसे पाठवते.' ठेवला माणूस. तो बाबांच्या उशाशी बसून दिवसभर मोबाइलवर क्रिकेट बघायचा आणि बाबा पाणी मागायचे तेव्हा म्हणायचा, "थांबा आजोबा, ओव्हर संपू दे." पण तुला ते कसं माहीत असणार? तू पैसे पाठवून टाकले होतेस.

मी 'घेऊन टाकली' नाही. आधी कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेले. म्हटलं, ज्यांच्या हातून भरपाई मिळायची त्यांचं तोंड तरी बघावं.

काचेचं दार, आत थंडगार, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड. त्या झाडाच्या पानांवर इतकी धूळ, की खरं असतं तर मेलं असतं. भिंतीवर मोठा फोटो, एका लॅपटॉपभोवती सगळं खानदान दात काढून बसलंय. माझ्या पुढे एक फोटोग्राफर उभा होता. लग्नाबिग्नाची कामं घेणारा, दाढी वाढलेला. त्याच्याकडे हीच वाढीव वॉरंटी होती, म्हणून मी कान टवकारले.

काउंटरवाली म्हणाली, "सर, आत ओलावा आढळला."

"ओलावा? मी काय त्याला अंघोळ घातली?"

"हवेतला असेल, सर."

"मग मी काय हवा बंद करू?"

"सर, तुमची वॉरंटी चालूच आहे. फक्त या बिघाडाला ती लागू होत नाही."

"मग कुठल्या बिघाडाला होते?"

"तो झाला की कळेल ना, सर."

ती हे चिडून म्हणत नव्हती, हसूनही म्हणत नव्हती. पंखा फिरतो तशी म्हणत होती. त्या बिचाऱ्याने लॅपटॉप आजारी कोंबडीसारखा काखेत घेतला आणि गेला. माझा नंबर आला. मी सरळ विचारलं, "बाई, खरं सांगा. तुमच्या घरच्या लॅपटॉपला तुम्ही घ्याल का ही?"

तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "मॅडम, आम्हा स्टाफला फुकटच मिळते."

"मग?"

"मी अजून फॉर्म भरलेला नाही."

एवढं पुरे होतं. घरी आले ती फणफणत. आई अंघोळीला गेली होती. चार वाजत आलेले, आणि फोन वाजला. नंबर मला पाठ झालाय. मी उचलला.

"नमस्कार आई, जेव..."

"मी आई नाही. तिची मुलगी बोलतेय. आणि हे बघा, माझ्या आईला आई म्हणायचं नाही."

तो अगदी अदबीने म्हणाला, "मग काय म्हणू, मॅडम?"

ताई, तूच सांग, काय सांगायचं याला? 'बाई' म्हण? 'ग्राहक' म्हण? मला आणखीच संताप आला. म्हटलं, "काही म्हणू नका. फोनच करू नका. तिच्या दोन मुली आहेत, तिची चौकशी करायला त्या समर्थ आहेत."

"हो मॅडम, आईंनी सांगितलंय मला. एक लांब असते आणि एक..."



"आणि एक काय?"

"काही नाही, मॅडम. सॉरी."

मी फोन कापला. आणि तो नंबर ब्लॉक करून टाकला. आई टॉवेलने केस पुसत बाहेर आली. "कुणाचा होता?" मी सांगितलं, चुकून लागला होता.

झालं. प्रश्न मिटला. तुझे पैसे कालच आलेत, ते तसेच ठेवलेत, सांगशील तेव्हा परत पाठवते. मला तुझं काही नको, हे तुला ठाऊक आहे. का नको तेही ठाऊक आहे.

धाकटी


रविवार, २२ मार्च

ताई,

प्रश्न मिटला नाही.

पहिले दोन दिवस आईने नुसती वाट बघितली. चार वाजता खुर्चीत बसायची, फोन मांडीवर. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "याला रेंज येत नाही वाटतं." मी म्हटलं, "असेल." मग ती फोन घेऊन खिडकीत उभी राहिली. नंतर जिन्यात. तोच तो धरणारा गुडघा घेऊन मधल्या वळणावर उभी राहायची, फोन छतापाशी धरून. येणारे-जाणारे विचारायचे, "काय हरवलं का?" मी वरून बघत होते. मी खाली गेले नाही, हे लिहून टाकते. काय सांगणार होते खाली जाऊन?

एके संध्याकाळी म्हणाली, "आजारी असेल गं पोरगा. नाहीतर काढून टाकला असेल. विक्रीच्या नोकऱ्या अशाच." मला म्हणावंसं वाटलं, बाई, तो तुझा कोण लागतो? पण माझ्या तोंडून निघालं, "येईल फोन." म्हणजे मीही गोडबोल्या झाले. स्वतःच्याच आवाजाची शिसारी आली.

बुधवारी मी कामावर असताना ती वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंकडे गेली. त्यांनी फोन बघितला आणि क्षणात सांगितलं, हा नंबर कुणीतरी मुद्दाम बंद केलाय. चालू करून दिला.

मी घरी आले तर ओट्यावर चहाचा एकच कप. ती रागावली नाही. तू तिला ओळखतेस, रागावली असती तर बरं झालं असतं. वॉर्डात कुणी चुकीचं औषध दिलं की ती ज्या नजरेने बघायची म्हणतात ना, तसं बघितलं आणि पेपर वाचायला लागली. तीन दिवस घरात फक्त नळाचा आवाज.

काल शनिवार. मी घरी होते. चारला फोन वाजला. आईने मुद्दाम, मला ऐकू जावं म्हणून, स्पीकर मोठा केला. पण आवाज त्याचा नव्हता. कुणी मुलगी होती, नवीनच असावी, शब्द तोडत बोलत होती. "नमस्कार आई, जेवलात का? तुमचा... उजवा गुडघा कसा आहे? शेकताय ना?"

ताई, मला काय आनंद झाला म्हणून सांगू! हा आनंद चांगला नव्हता, पण होता. फोन संपल्याबरोबर मी आईसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "ऐकलंस? लिहून ठेवलंय त्यांनी! तुझा गुडघा त्यांच्या कॉम्प्युटरवर लिहिलाय. तो गोडबोल्या असो की ही असो, सगळे वाचून विचारतात. तुला काय वाटलं, माया आहे?"

आईने चष्मा काढला, पदरात घेतलेल्या मांजराला पुसावं तसा हळूहळू पुसला आणि म्हणाली, "मग? वॉर्डात आम्ही काय करायचो? रात्रपाळीची सिस्टर लिहून ठेवायची, सात नंबरला झोप नाही, मुलगा भेटायला आला नाही. सकाळी मी यायचे, कागद वाचायचे आणि सात नंबरला जाऊन विचारायचे, आजोबा, काल झोप लागली नाही ना? तो रडायचा. तुम्ही कागद वाचून विचारताय म्हणून सांगत नाही, असं एकही पेशंट मला म्हणाला नाही."

मी म्हटलं, "ते वेगळं. तुम्ही काही विकत नव्हता."

"मला पगार मिळायचा की." मग म्हणाली, "तो वाचून विचारत होता, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. तुम्हा दोघींना तर वाचूनसुद्धा विचारता येत नाही."

मी कोडगेपणाने म्हटलं, "आणि ती वॉरंटी? घेणार आहेस का शेवटी?"

"छे. ती कसली घ्यायची? थोतांड आहे ते."

"अगं, मग रोज 'विचार करून कळवते' कशाला म्हणतेस?"

"घेतली की फोन बंद. नाही म्हटलं तरी बंद. एवढं कळतं मला."

घ्या! ज्या बाईला फसवतात म्हणून मी रक्त आटवत होते, ती महिनाभर एका अख्ख्या कंपनीला झुलवत बसली होती. हसावं की डोकं आपटावं!

मी विचारलं, "माझ्याबद्दल त्या माणसाला काय सांगितलंस?"

"जे आहे ते. एक लांब असते आणि एक शेजारच्या खोलीत असते."

आता तुला सांगते, कारण दुसरं कुणी नाही सांगायला. मी कामावरून येते, ताट वाढून घेते आणि माझ्या खोलीत जाऊन दार लावून जेवते. लग्न मोडून आले तेव्हापासून हेच चाललंय. आईच्या घरात मला माझा आवाज नकोसा होतो. तू मागच्या वेळी स्वयंपाकघरात म्हणालीस ना, "तुझं बरं आहे, आईजवळ फुकट राहतेस," ते वाक्य त्या घरात अजून आहे. पोछा मारला तरी निघत नाही. मी तेव्हापासून घराचं वीजबिल भरते, गॅस भरते, आणि तरी पंखा लावताना हात अडखळतो. आईजवळ बसले तर तू म्हणशील, बसून खाते. म्हणून बसतच नाही. मूर्खपणा आहे, माहीत आहे.

आज रविवार. आई केस विंचरून बसली होती. तुझा फोन आला नाही. हा सहावा की सातवा रविवार असेल. मला तुझी किळस यायला हवी आणि ती येतेही. पण आज तिने झाकण लावलं तेव्हा मनात दुसरंच काहीतरी येऊन गेलं. तू निर्दय आहेस हे मला मान्यच आहे, पण तू आळशी कधीच नव्हतीस. इतके रविवार तू करतेस काय?

उत्तर द्यायचं असेल तर चार शब्दांत देऊ नकोस.

धाकटी


मंगळवार, ३१ मार्च

ताई,

परवाच्या रविवारी तू फोन उचललास तो चुकून, हे तुझ्या चेहऱ्यावर दिसलं. ऑफिसचा वाटला असेल. आई आजवर कधी स्वतःहून लावत नव्हती, 'मोठीने करायचा, मी कशाला मागे लागू' असं तिचं. पण त्या दिवशी तिने खुर्ची पुढे ओढली आणि स्वतःच बटण दाबलं. मी मागे उभी होते. तुला मी दिसले नसेन.

तू म्हणालीस, "आई, घराला रंग देतोय, सगळा पसारा आहे, नंतर करते."

आई म्हणाली, "बरं."

"हे बाहेर गेलेत."

"बरं. जेवलीस का?"

आणि तू 'हो' म्हणालीस आणि बोलणं तुटलं. रेंज गेली नव्हती, ताई. तू कापलंस.

आईने झाकण लावलं नाही. काळ्या पडद्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "एकच उशी होती."

मी उशी बघितलीच नव्हती. मी चादर बघितली. पांढरी, कडेला विटलेली निळी पट्टी, आणि कोपऱ्यात शाईचा शिक्का, उलटा. तसले शिक्के मी रोज शेकड्याने बघते. ती कुणाच्या घरातली चादर नव्हे. ती खोल्या भाड्याने देणाऱ्यांची चादर, लॉन्ड्रीत जाते आणि येते, आणि ती धुणाऱ्यांनी साबण नीट काढलेला नाही, म्हणून पिवळी पडलीय. घराला रंग देणारा माणूस असल्या चादरीवर झोपत नाही. तुझ्यामागे एक बॅग होती आणि खिळ्याला टांगलेला एक कोट. भावोजींचं त्या खोलीत काही नव्हतं.

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच. दोन महिने तरी झाले असतील."

मग माझं डोकं फिरलं. खरं सांगते, आधी काळजी वाटली नाही, आधी चीड आली. लॉजच्या खोलीतून हिने मला 'घेऊन टाक, पैसे पाठवते' लिहिलं! स्वतःच्या डोक्यावर छप्पर नाही आणि ही लॅपटॉपचा विमा उतरवायला निघाली! हा कसला रुबाब? कुणाला दाखवायचा? आईला? तिने आयुष्यभर लोकांची ढुंगणं पुसली, तिला कशाचा धक्का बसणार होता? मला? मी तर आधीच मोडून आलेली. पण तेच असेल. मला जे म्हणालीस ते तुझ्यावर आलं, म्हणून तोंड दाखवत नव्हतीस.

स्वयंपाकघरातलं ते 'फुकट राहतेस' तुला परत करायचा मला मोह झाला. खूप झाला. रविवारभर मी ते तोंडात घोळवत फिरत होते. कसं म्हणायचं, कुठल्या शब्दावर जोर द्यायचा, सगळं ठरवलं होतं. मग रात्रीचं ताट घेऊन बाहेर आले, कारण आईला एकटं बसू देववेना, आणि आम्ही दोघी समोरासमोर जेवलो. ती म्हणाली, "भात गिचका झालाय." मी म्हटलं, "हो." बस, एवढंच. पण तेवढ्यात ते वाक्य तोंडातल्या तोंडात विरून गेलं ते गेलंच.

काल तीस तारीख. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. मुकादम म्हणाला, "काय, पाहुणे बघायला येणार की काय?" मी म्हटलं, वॉरंटी संपतेय. तो काय समजला देव जाणे, माझ्याकडे फार दयेने बघितलं त्याने.

चारला फोन. तोच होता, गोडबोल्या. सुट्टीवर गेला होता म्हणे, बायकोचं बाळंतपण. आईने विचारलं, "काय झालं?" "मुलगी." "किती भरली? नीट पिते का?" मग पाच मिनिटं नाळ, बेंबी आणि पोटदुखी यावर चर्चा झाली. हे काही त्याच्या कागदावर नसणार. की असेलही? हल्ली मला ठरवता येत नाही, आणि ठरवायची हौसही राहिली नाही.

शेवटी तोच म्हणाला, "आई, आज शेवटचा दिवस. रात्री तुमचा नंबर आमच्या यादीतून निघून जाईल. काय ठरवलंत?"

आईने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "नाही घेत रे. लागणार नाही आता. माझी मोठी मुलगी घरी यायचीय. समोर बसलेल्या माणसाशी बोलायला लॅपटॉप कशाला?"

मी चमकून बघितलं. आमच्यात असं काही बोलणं झालेलं नव्हतं. तुझ्याशी तर नाहीच नाही.

तो म्हणाला, "अरे वा. कधी येताहेत?"

"खोली झाली की."

"मग छानच, आई. गुडघा जपा."

"तू बाळ-बाळंतिणीला जप. आणि बायकोला जेवलीस का विचारत जा, इथे बसून दुनियेला विचारतोस." तो हसला. मग फोन बंद झाला, आणि आई बराच वेळ तसाच तो हातात धरून बसली. मी विचारलं, "हे काय सांगितलंस त्याला?" ती म्हणाली, "सांगून टाकलं. आता तिला यावं लागेल. परक्या माणसासमोर मला खोटं पाडणार आहे का ती?"

तेव्हा तू बघ. मला मध्ये घेऊ नका.

माझी अट एकच आहे. येऊन माझ्याशी गोड वागायचं नाही. सॉरीबिरी म्हणालीस तर मी उठून जाईन. भांडलीस तरी चालेल, त्याची मला सवय आहे. भावोजींचं काय झालं ते सांगायचं नसेल तर सांगू नकोस. आई विचारणार नाही. मी विचारीन, पण तू 'गप बस' म्हण.

वॉरंटीसाठी पाठवलेल्या पैशांतून आज पलंग आणला. माझ्या खोलीत, खिडकीच्या बाजूला लावलाय. हमालांनी जिन्याच्या वळणावर भिंतीचा पोपडा काढला आणि वर पाणी मागितलं. त्यांना मी काय काय बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पलंग कुरकुरतो, दुकानदाराने सांगितलं होतं कुरकुरणार नाही. चोर सगळे. चादरी मी आमच्या लॉन्ड्रीत बाद झालेल्यातल्या दोन आणल्यात. विटल्यात, पण मी स्वतः धुतल्यात, साबणाचा कणसुद्धा राहू दिलेला नाही.

गादी तेवढी घेतलेली नाही. आई म्हणते, एवढे दिवस लॉजच्या पलंगावर काढलेत, तिची पाठ कशी असेल कोण जाणे, तिला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. म्हणून विचारते. कडक घेऊ की मऊ?

धाकटी